काडतुसाच्या कवचाचा टिकाऊपणा
शॉटगनच्या झाडलेल्या काडतुसाच्या कवचात नवा प्राइमर, दारू, वॉड व छर्रे भरून ते पुन्हा वापरण्याच्या क्रियेस पुनर्भरण म्हणतात. अमेरिकेतील ट्रॅप व स्कीट नेमबाजांत ही पद्धत रूढ आहे. १९६० मध्ये रेमिंग्टनने प्लॅस्टिकचे कवच आणल्यानंतर ओल धरणारी कागदी कवचे मागे पडली.

कवच बहुधा तोंडाच्या घड्यांवर प्रथम चिरते. सौम्य भार वापरल्यास ही झीज मंदावते. कोरड्या जागी ठेवल्यास पोलादी बूड गंजत नाही. प्राइमर सैल बसू लागला की कवच निकामी समजावे. काही कवचांच्या बुडाशी वेगळी चकती असते. ती सुटून नळीत अडकली आणि तशीच दुसरी गोळी झाडली, तर नळी फुटू शकते. म्हणून प्रत्येक भरणीपूर्वी कवच आतून पाहणे अनिवार्य ठरते.