तळटीप : एडविन जॅक्सन

एडविन जॅक्सन (जन्म १९८३) : अमेरिकी बेसबॉलमधला पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू. मेजर लीगमध्ये तो १४ संघांकडून खेळला. हा विक्रम आहे. पदार्पण २००३ साली, विसाव्या वाढदिवशी. समोर रँडी जॉन्सनसारखा दिग्गज असूनही सामना जॅक्सननेच जिंकला.

मूळ मजकुरातले ‘भटक्या’ हे विशेषण अपुरे वाटते. २५ जून २०१० रोजी ॲरिझोनाकडून खेळताना त्याने टँपा बे संघाला एकही हिट मिळू दिली नाही. त्यासाठी तब्बल १४९ चेंडू फेकले. आठ वेळा फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळाला, पण गडी शेवटपर्यंत हटला नाही. पाच आठवड्यांतच त्याची शिकागोला रवानगी झाली!

एकूण १०७ विजय, १३३ पराभव. टोकियो ऑलिम्पिकचे रौप्यपदकही त्याच्याकडे आहे.