दस्त्याचें माप

मराठ्यांच्या बंदुकांविषयीं लिहितांना आपण नळी, दारू आणि गोळी यांचा विचार करतों. नळीखालच्या लांकडाकडे सहसा पाहत नाहीं. वस्तुतः ठासणीच्या बंदुकीचा नेम नळीइतकाच दस्त्याच्या मापांवर अवलंबून असतो. नळी दर वेळीं डोळ्यासमोर त्याच जागीं यावी, हें काम दस्त्याचें.

हीं मापें एका क्रमानें निघतात. प्रथम नळीचा कान निश्चित होतो. त्यावरून रंजकाची जागा व चाप ठरतो, आणि चापापासून दस्त्याच्या टोंकापर्यंतची लांबी मोजतात. कोपर काटकोनांत दुमडून त्याच्या खोबणीपासून तर्जनीच्या पेरापर्यंतचें अंतर घेण्याची रीत आहे. साधारण उंचीच्या माणसास तें साडेतेरा-चौदा इंच, म्हणजे सुमारें अठरा अंगुळें भरतें. लांबी जास्त झाली तर दस्ता काखेंत अडकतो. कमी झाली तर दणक्यासरशी अंगठा नाकावर आदळतो. दुसरें माप दृष्टिरेषेपासून दस्ता किती खालीं उतरतो याचें; लांब मानेच्या माणसास हा उतार जास्त लागतो.

नातेपुत्याच्या शेतकऱ्यास यांत नवल वाटणार नाहीं. या भागांत बाभळीचा नांगर घडवतांना रुमण्याची उंची तो धरणाऱ्याच्या बेतानें ठेवावी लागे. नाहीं तर दिवसभरांत कंबर मोडे. अवजार बंदूक असो वा नांगर, त्याचें माप वापरणाऱ्याच्या अंगावरच असतें.

तोड्याच्या देशी बंदुकीचा दस्ता बहुधा बारीक व जवळजवळ सरळ असे. लांब, जड नळी दणका बराचसा पचवी. त्यामुळें खांद्याशीं रुंद लांकडाची गरज कमी. शिवाजीमहाराजांच्या पायदळांतील हेटकऱ्यांच्या नेमबाजीची ग्रँट डफनें 1826 सालच्या आपल्या इतिहासांत वाखाणणी केली आहे. हे शिपाई शस्त्र स्वतःचें आणीत व दारूगोळा सरकारांतून घेत, असेंही तो सांगतो. या दोन गोष्टी एकत्र वाचावयास हव्यात. आपली बंदूक आपल्या हाताच्या बेताची करून घेण्याची मोकळीक अशा शिपायास होती.

पुढें 1761 मध्यें पानिपतावर इब्राहिमखानाचे गारदी लढले, आणि 1784 नंतर महादजी शिंद्यांनीं द बॉयन्याकडून कवायती पलटणी उभारल्या. आग्र्याच्या कारखान्यांत सँग्स्टर नांवाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखालीं दहा दहा रुपयांत बंदुका तयार होऊं लागल्या. इंग्रज कंपनीच्या बंदुकीची नळीही ठराविक 39 इंचांची होती. पलटणीस सारख्या बंदुका हव्या असतात. म्हणून दस्ताही एकाच मापाचा. ज्यास तो बसत नसे, त्यानें कवायतीच्या जोरावर आपलें अंग त्यास बसवावें. रांगेनें एकदम बार काढणाऱ्या फौजेस एवढें पुरे होतें. एकट्यानें कड्यावरून नेम धरणाऱ्यास तें पुरलें नसतें.

शस्त्र शिपायाचें होतें तोंवर त्याचें माप शिपाई ठरवी. तें सरकारचें झालें तेव्हां शिपायाचें माप सरकार ठरवूं लागलें. आपल्या संग्रहालयांत जुन्या बंदुकांच्या नळीची लांबी नोंदवतात, तशी चापापासूनची लांबी व उतारही नोंदवावेत. ज्या शिपायांचीं नांवें कोणत्याही दप्तरांत नाहींत, त्यांच्या हातांचा अदमास तरी त्यावरून लागेल.