घरातील राऊटरची प्रथम मांडणी : प्राथमिक माहिती

इंटरनेटची जोडणी आता घरोघरी पोहोचली आहे. कंपनीचा तंत्रज्ञ येतो, भिंतीवर एक छोटी पेटी बसवितो, हिरवे दिवे लागतात, मोबाईलवर चित्रे दिसू लागतात आणि तो निरोप घेतो. बहुतेक कुटुंबांत काम येथेच पूर्ण झाले असे समजले जाते. वस्तुतः राऊटर नावाच्या या पेटीची मांडणी तेव्हा निम्मीच झालेली असते. उरलेले काम घरातील मंडळींनीच करावयाचे असते. त्यास अर्धा-पाऊण तास पुरतो व संगणकाचे विशेष ज्ञान लागत नाही. ज्यांनी हे काम पूर्वी कधीही केलेले नाही, अशा वाचकांसाठी प्रस्तुत माहिती देत आहोत.

हे काम का टाळू नये, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. दि. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका घडली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल मिळाला होता. तो ज्या जोडणीवरून गेला तिचा माग काढीत तपास अधिकारी नवी मुंबईत सानपाडा येथे राहणाऱ्या एका परदेशी गृहस्थांच्या घरी पोहोचले. त्यांचे संगणक तपासासाठी नेण्यात आले, त्यांची चौकशी झाली. ई-मेल त्यांनी पाठविलेला नव्हता. त्यांच्या घरच्या वाय-फायचा वापर भलत्याच कोणी केला होता. पुढील दोन महिन्यांत मुंबईतील आणखी दोन ठिकाणच्या वाय-फायचा असाच गैरवापर झाला. आपल्या जोडणीवरून जे जाते त्याचा पहिला जाब आपल्यालाच विचारला जातो, हे यावरून ध्यानी यावे.

आता राऊटर करतो काय, ते पाहू. जुन्या वाड्यात दहा बिऱ्हाडे असली तरी टपाल एकाच पत्त्यावर येई आणि देवडीवरचा माणूस ज्याचे त्याला पोहोचवी. राऊटर हा तो देवडीवरचा माणूस. कंपनीकडून घराला बाहेरचा एकच पत्ता मिळतो. घरातील प्रत्येक मोबाईलला, संगणकाला व दूरचित्रवाणी संचाला राऊटर आतला स्वतंत्र पत्ता देतो आणि कोणी काय मागविले होते ते लक्षात ठेवून उत्तर त्याच्याकडे धाडतो. बाहेरच्या तारेवरील संकेत संगणकाला समजेल अशा रूपात आणणारे यंत्र वेगळे असते. फायबरच्या जोडणीत कंपनी पुष्कळदा ही दोन्ही यंत्रे एकाच पेटीत देते.

राऊटर स्वतः विकत आणला असल्यास त्याच्या मागील बाजूस सारख्या आकाराची काही छिद्रे दिसतील. त्यांपैकी जे वेगळ्या रंगाचे किंवा थोडे अलग असते आणि ज्यावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ असे लिहिलेले असते, त्यात कंपनीकडून आलेली तार जोडावी. उरलेली ‘लॅन’ची छिद्रे घरातील संगणकांसाठी असतात. वीजपुरवठ्यासाठी पेटीसोबत आलेलाच अ‍ॅडॅप्टर वापरावा. दुसऱ्या उपकरणाची पिन बरोबर बसते म्हणून तो लावू नये. पिन तीच असली तरी व्होल्ट निराळे असू शकतात आणि राऊटर जळू शकतो.

पुढील काम शक्यतो संगणक तारेने राऊटरला जोडून करावे. ब्राउझर उघडून वरच्या पत्त्याच्या चौकटीत राऊटरचा आतला पत्ता लिहावयाचा असतो. तो बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा असून पेटीच्या तळाशी चिकटविलेल्या कागदावर छापलेला असतो. येथे तो देवनागरीत दिला असला तरी टंकताना इंग्रजी अंकच वापरावेत. पान सुरक्षित नसल्याची सूचना ब्राउझरने दिल्यास गोंधळून जाऊ नये. हे पान बाहेरच्या जगातील नसून समोरच्या पेटीतलेच आहे व त्यास सुरक्षिततेचे प्रमाणपत्र सहसा नसते. काही नव्या राऊटरांचे हेच काम मोबाईलवरील अ‍ॅपमधून होते.

येथे नवख्या माणसाचा हमखास घोटाळा होतो, तो दोन पासवर्डांचा. एक पासवर्ड वाय-फायचा. तो पाहुण्यांना सांगितला जातो. दुसरा राऊटरच्या व्यवस्थापनाचा. तो कोणालाही सांगावयाचा नसतो. पहिला म्हणजे दिवाणखान्यात येण्याची मुभा, दुसरा म्हणजे तिजोरीची किल्ली. अनेक कुटुंबे पहिला बदलतात आणि दुसरा कारखान्यातून आला तसाच ठेवतात. पुष्कळ जुन्या राऊटरांवर हा दुसरा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’ एवढाच असे आणि ते सर्वांना ठाऊक असे. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रणालीने अशा साठहून अधिक ठराविक नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून पाहत जगभरातील लाखो कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला या प्रणालीने वेठीस धरलेल्या उपकरणांच्या माऱ्यामुळे ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी संकेतस्थळे कित्येकांना काही तास उघडेनात.

व्यवस्थापनाचा पासवर्ड परक्याच्या हाती लागल्यास आणखी एक घात संभवतो. आपण बँकेच्या संकेतस्थळाचे नाव लिहितो तेव्हा त्या नावाचा आकड्यांतील पत्ता सांगणारी ‘डीएनएस’ नावाची एक व्यवस्था असते आणि ती कोणाला विचारावयाची हे राऊटरमध्ये नोंदलेले असते. ही नोंद बदलली की नाव अचूक लिहूनही माणूस खोट्या पानावर पोहोचू शकतो. ‘डीएनएस चेंजर’ या नावाने ओळखला गेलेला असाच प्रकार अमेरिकी तपास यंत्रणेने २०११ मध्ये उघडकीस आणला, तेव्हा सुमारे ४० लाख संगणक त्यात अडकलेले होते. म्हणून व्यवस्थापनाचा पासवर्ड सर्वप्रथम बदलावा, बाकी सारे नंतर.

त्यानंतर जोडणीचा प्रकार निवडावा लागतो. कंपनीने वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड दिला असल्यास ‘पीपीपीओई’ हा पर्याय घेऊन ते तेथे भरावेत. दिला नसल्यास बहुधा ‘डायनॅमिक आयपी’ चालतो. सर्व अचूक भरूनही इंटरनेट सुरू होत नसेल, तर स्थानिक केबलचालकाने जुन्या यंत्राचा क्रमांक आपल्या नोंदीत बांधून ठेवलेला असण्याची शक्यता असते. अशा वेळी त्यास दूरध्वनी करून नवा क्रमांक नोंदविण्यास सांगावे. तासन्‌तास खटपट करण्यात अर्थ नाही.

वाय-फायच्या पानावर नाव व पासवर्ड द्यावयाचा असतो. नावात आडनाव किंवा घर क्रमांक घालू नये, ते शेजारीपाजारी सर्वांना दिसते. पासवर्ड आठ ते त्रेसष्ट अक्षरांचा चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिल्यास तो लांबही होतो आणि स्मरणातही राहतो. मोबाईल क्रमांक मात्र नको. सुरक्षिततेचा प्रकार ‘डब्ल्यूपीए-३’ असावा. जुने मोबाईल जोडले जात नसल्यास ‘डब्ल्यूपीए-२’ चालेल. ‘डब्ल्यूईपी’ हा जुना प्रकार भेदता येतो हे २००१ मध्येच सिद्ध झाले आहे. बदल जतन करताच वाय-फायवरील सर्व उपकरणे तुटतात. यात काही बिघडलेले नसते, नव्या पासवर्डाने ती पुन्हा जोडावीत.

‘डब्ल्यूपीएस’ ही सोय बंद करावी. तिचा आठ अंकी क्रमांक भक्कम वाटतो, परंतु राऊटर त्याचे दोन भाग स्वतंत्रपणे तपासतो आणि शेवटचा अंक आधीच्या सातांवरून ठरतो. त्यामुळे कोट्यवधी नव्हे, तर जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ च्या अखेरीस उघड झाले. ‘रिमोट मॅनेजमेंट’ही बंद असावे. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ हा पर्याय असल्यास तो सुरू करून त्याचाच पासवर्ड सांगावा. ‘फर्मवेअर’ अद्ययावत करताना मात्र वीज जाणार नाही अशी वेळ निवडावी. ते काम अर्धवट राहिल्यास पेटी निकामी होऊ शकते.

पेटी घराच्या मध्यभागी, उंचावर व मोकळी ठेवावी. लोखंडी कपाट, मोठा आरसा व मायक्रोवेव्ह यांच्याजवळ ती नसावी. २.४ गिगाहर्ट्झची लहर दूरवर पोहोचते, ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते परंतु भिंतींना लवकर हार जाते. ज्यांची घरे दीड-दोन हात जाडीच्या दगडी भिंतींची आहेत, त्यांनी एका पेटीकडून फार अपेक्षा न ठेवता दुसऱ्या खोलीपर्यंत तार ओढून घेणे उत्तम. गच्चीवरून तांब्याची तार आलेली असेल, तर वळवाच्या विजा सुरू होण्यापूर्वी ती तार व विजेची पिन दोन्ही काढून ठेवावीत. फायबरच्या काचतंतूतून वीज वाहत नाही, तेथे विजेची पिन काढणे पुरते.

दोन्ही पासवर्ड घरच्या वहीत लिहून कपाटात ठेवण्यास हरकत नाही. राऊटरच्या तळाशी चिकटवू नयेत. ते विसरल्यास मागील बारीक छिद्रातील ‘रिसेट’ची कळ टाचणीने सुमारे दहा सेकंद दाबून धरावी. पेटी कारखान्यातून आली तशी होते व वरील सर्व काम पुन्हा करावे लागते. जुना राऊटर कोणास देताना अथवा भंगारात टाकतानाही हीच कळ दाबावी, म्हणजे त्यात साठविलेले आपले पासवर्ड पुसले जातात.