पायाची वाट आणि चाकाची वाट

मराठी माणूस ‘घाट’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे डोंगर येत नाही, वाट येते. डोंगराचे नाव सह्याद्री; तो जेथे ओलांडता येतो ती जागा म्हणजे घाट. युरोपीय लोकांनी वाटेचे नाव उचलून डोंगराला दिले आणि सबंध रांगेलाच ‘पश्चिम घाट’ म्हणावयास सुरुवात केली. आमच्या बोलीत मात्र हा भेद अजून जिवंत आहे. कोकणातला मनुष्य ‘घाटावर’ जातो आणि देशावरचा ‘घाट उतरून’ कोकणात येतो. महाराष्ट्राचे कोकण आणि देश असे दोन भाग सह्याद्रीने पाडले, आणि घाटांनी ते जोडून ठेवले. या घाटांतून पायी आणि सायकलीवरून हिंडताना इतिहासाचे जे दर्शन घडते, त्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

सह्याद्रीची घडण पाहिल्याशिवाय घाट समजत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि त्यांतून दख्खनचे पठार बनले. पश्चिमेच्या बाजूस या पठाराचा कडा एकदम तुटतो. पूर्वेकडून येणाऱ्याला हा डोंगर जेमतेम टेकडीएवढा वाटतो. पश्चिमेकडून येणाऱ्याला तीच भिंत वाटते. या भिंतीला जेथे ओढ्यांनी चिरा पाडल्या तेथे गुरे चढली, गुरांमागून गुराखी चढला आणि त्याच्यामागून व्यापारी. घाट प्रथम कोणा राजाने पाडले नाहीत. राजे मागाहून आले, आणि जकात घ्यावयास बसले.

याचा सर्वांत जुना आणि बोलका पुरावा म्हणजे नाणेघाट. मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखऱ्याच्या पुढे ही वाट फुटते. समोर नानाचा अंगठा हा सुळका दिसत असतो. रानातून चढत गेल्यावर पायाखाली खडकात खोदलेल्या पायऱ्या लागतात, पाण्याची टाकी लागतात आणि माथ्याजवळ एक लेणे लागते. या लेण्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. दोन अश्वमेध, एक राजसूय, त्यांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात नोंदलेले आहेत. भारतातील अंकचिन्हांच्या अगदी जुन्या नमुन्यांत यांची गणना होते. राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळेही येथे होते; आज वरची नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. घाटाच्या तोंडाशी एक दगडी रांजण आहे, आणि जकातीची नाणी त्यात टाकीत असत असे परंपरा सांगते.

एवढा मोठा राजलेख पैठणच्या राजवाड्यात न कोरता या अवघड खिंडीत का कोरला? नकाशावर बोट फिरवले की उत्तर सापडते. खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरे, वर जुन्नर, आणि त्यापलीकडे पैठण. या वाटेने जाणारा प्रत्येक तांडा लेण्यावरून जाणार. राजाला आपली सत्ता जगाला सांगावयाची असेल तर याहून चांगली जागा कोणती? पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे त्यात म्हटले आहे. क्षत्रप आणि सातवाहन यांच्या भांडणाची ही एक बाजू होय. बंदर आटले की घाट ओस पडतो, आणि घाट ओस पडला की रांजण रिकामा राहतो. कारण त्या काळी घाट हा खजिन्याचा दरवाजा होता.

मात्र नाणेघाटाच्या पायऱ्यांवरून गाडी जाणे शक्य नव्हते. ही पायाची वाट. माल बैलाच्या पाठीवरून जाई. कोकणातले मीठ वर आणि देशावरचे धान्य खाली नेणारे लमाणांचे तांडे पुढे शतकानुशतके सह्याद्रीत हिंडले. पाय थेट चढतो. उभी चढण त्याला दम लावते, पण अडवीत नाही. चाकाचे तसे नाही. चाकाला चढण सौम्य हवी, म्हणून वाट लांब हवी, वळणे हवीत, आणि ती फोडून काढणारे हात हवेत.

हा फरक बोरघाटात पायांना कळतो. खोपोलीहून जुन्या रस्त्याने सायकल खंडाळ्याकडे वळवली की पहिल्या चढणीतच आम्हां सर्वांचे बोलणे थांबते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हा टप्पा गाजवणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात, ते का हे तेथे उमजते. हा मार्गही प्राचीनच. कार्ले आणि भाजे येथील लेणी त्याची साक्ष देतात. याच परिसरातील कुरवंडे घाटाने १६६१ साली कारतलबखान कोकणात उतरला, आणि उंबरखिंडीच्या अरुंद वाटेत शिवाजी महाराजांनी त्याला कोंडून शरण आणले. पायाच्या वाटेवर मोठी फौज हेच कसे ओझे होते, ते या लढाईने दाखवले.

चाकासाठी येथे पक्का रस्ता झाला तो १८३० साली, सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना. पुढे रेल्वे आली. १८५६ ते १८६३ या काळात पंधरा मैलांहून थोड्या अधिक लांबीत १,८३१ फूट चढणारा लोहमार्ग बांधला गेला, आणि त्यासाठी पंचवीस बोगदे फोडावे लागले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच अल्पावधीत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवले. कामाच्या भरात चाळीस हजारांवर मजूर या डोंगरावर राबत होते. सुरुंगांनी, दरडींनी आणि पटकीने त्यांतले हजारो मेले.

त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ तेवढे आहे. शिंगरोबा नावाच्या धनगराने इंग्रजांना चढणीची सोपी वाट दाखवली, आणि मोबदल्यात त्याच्या वाट्याला मरण आले, अशी कथा सांगतात. ती कागदोपत्री सिद्ध करण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. पण राणीने लेख कोरला, गव्हर्नराने रस्ता खुला केला, आणि वाट दाखवणाऱ्याची आठवण देवळातल्या कथेत राहिली, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

२०२५ साली ‘युनेस्को’ने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत शिवनेरी, लोहगड आणि प्रतापगड आहेत. आनंद वाटावा अशीच ही घटना. पण हे किल्ले तेथे का उभे राहिले? प्रतापगड पारघाटावर नजर ठेवण्यासाठी, लोहगड बोरघाटाच्या वाटेवर, शिवनेरी जुन्नरच्या व्यापारावर. नाणेघाटावर तर जीवधन अगदी जवळून पहारा देतो. किल्ला हे कुलूप आणि घाट हा दरवाजा. कुलुपांची निगा आपण राखू लागलो. दरवाजे मात्र बुजू लागले आहेत. द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, आणि पुण्यामुंबईचा प्रवास काही तासांवर आला. त्याची सोय कोणी नाकारू नये. तथापि त्या वेगात डोंगर चढल्याचेही कळत नाही, मग वाट कळणे दूरच. पायवाटेवरची रहदारी थांबली की दोन-चार पावसाळ्यांत ती कारवीखाली जाते, आणि पायऱ्या, टाकी, जुन्या चौक्यांची जोती यांची माहिती एखाद्या गावच्या म्हाताऱ्या गुराख्यापुरती उरते.

म्हणून आमचे एवढेच सांगणे, की सुटीत एक तरी घाट पायी उतरावा आणि एक तरी सायकलीने चढावा. बरोबर वही न्यावी. गावकरी वळणाला, ओढ्याला, पाण्याच्या टाक्याला काय म्हणतात ते विचारावे आणि उतरून घ्यावे. राजांची नावे दगडात कोरलेली आहेत. वाटेवरच्या जागांची नावे माणसांच्या तोंडी आहेत, आणि ती माणसे फार थोडी राहिली आहेत.