रोषणाईचा सूत्रधार



रोषणाई पाहतांना आपण दिव्यांकडे पाहतों. लाल मावळतो, हिरवा उगवतो, प्रकाश तोरणावरून धांवत जातो. पण हें सारें जिच्या आज्ञेनें घडतें ती तळहाताएवढी डबी दाराआड टांगलेली असते. कळसूत्री बाहुल्या नाचविणारा पडद्यामागें बसावा, तशी. बाजारांत तिला कंट्रोलर म्हणतात. नाताळ जवळ आला कीं ही डबी कोणती घ्यावी हा प्रश्न ख्रिस्ती घरांत पडतो. गणपतींत व दिवाळींत तो आपणां सर्वांनाच पडतो. उत्तर देण्यापूर्वीं मी तिची वंशावळ सांगणार आहें, कारण ती ऐकल्यावर अर्धें उत्तर आपोआप सुचतें.

१८८२ सालच्या डिसेंबरांत न्यूयॉर्क शहरीं एडवर्ड जॉन्सन ह्या गृहस्थानें आपल्या घरीं नाताळचें झाड उभें केलें. हा एडिसनचा सहकारी. झाडावर लाल, पांढरे व निळे असे ८० विजेचे दिवे होते, आणि झाड विजेच्याच बळानें फिरत होतें. दोन वर्षांनीं त्याच्या घरच्या झाडावर १२० दिवे लागले व त्यांचे सहा गट पाडलेले होते. झाडाच्या बुंध्याभोंवतीं तांब्याच्या पट्ट्या बसविल्या होत्या. झाड फिरे तसतशी एका गटाची जोडणी तुटे व दुसऱ्याची जुळे. दिवे लावण्या-विझविण्यास माणूस बसवावा लागला नाहीं; झाडाचें फिरणें हाच कंट्रोलर! आधीं साधी माळ आली आणि लुकलुक मागाहून कोणास तरी सुचली, असा आपला समज असतो. प्रत्यक्षांत विजेचा नाताळ आणि त्याचा सूत्रधार हीं जवळजवळ जुळीं भावंडें आहेत.

त्याच १८८२ सालीं मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटांत विजेचे दिवे लागले. पण ते बाजाराला उजेड देण्यासाठीं. शोभेची वीज घरांत येण्यास आपल्याकडे पुष्कळ काळ जावा लागला. १८९३ पासून लोकमान्यांनीं सार्वजनिक गणेशोत्सवास जें बळ दिलें, त्याच्याच मांडवांत पुढें आपल्या कारागिरांची ही विद्या वाढली. माझ्या शाळकरी वयांत, म्हणजे १९७० नंतरच्या वर्षांत, मांडवामागें जाऊन मीं जें यंत्र पाहिलें तें अजून डोळ्यांपुढें आहे. एक लाकडी रूळ, त्यावर ठोकलेले पितळी पत्रे, त्यांवर टेंकलेल्या पत्र्याच्या जिभा, आणि रूळ फिरविणारी लहानशी मोटर. पत्रा जिभेखालीं आला कीं त्या जिभेची माळ लागे. पत्रा लांब असेल तर दिवा सावकाश जळे, आंखूड असेल तर चटकन विझे. वायरमन रात्रीं चार पत्रे उपटून निराळ्या जागीं ठोकी आणि दुसऱ्या दिवशीं तेंच चक्र उलटें फिरूं लागे. प्रत्येक स्पर्शास ठिणगी पडे, पितळ काळवंडे, तें घांसावें लागे. तरी एक गुण त्यांत होता: बिघाड डोळ्यांना दिसे. बंगालमध्यें चंदननगरास जगद्धात्रीपूजेच्या निमित्तानें रोषणाईचा मोठा कसबी धंदा उभा राहिला आणि श्रीधर दास ह्यांचें नांव त्यांत दूरवर गाजलें.

रुळाचा अंत दोन शोधांनीं केला. १९५७ सालीं अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें एस्.सी.आर्. नांवाचा भाग तयार केला. तो ठिणगीवांचून वीज जोडतो. १९७२ सालीं ५५५ ह्या अंकानें ओळखली जाणारी आय्.सी. बाजारांत आली, ती काळाचे ठोके मोजते. ह्यांच्या कुळांतून पुढें ती सर्वपरिचित डबी निपजली: एक बटन आणि आठ चाली. स्वस्त चिनी माळांबरोबर ती खेडोपाडीं पोंचली.

ह्या डबीविषयीं मला थोडें कठोर बोललें पाहिजे. ती गटांना हुकूम करते, एकेका दिव्यास नाहीं, हें चालेल. परंतु जुन्या पद्धतीच्या माळेंत आपल्या घरची २३० व्होल्टची वीज डबींतून थेट तारेंत शिरते. दिवा इवलासा, म्हणून वीजहि इवलीशी असेल असें लोक मानतात. आमच्या आळींत एका घरीं अशी माळ खिडकीच्या लोखंडी गजांना गुंडाळलेली होती. तारेचें आवरण एके ठिकाणीं सोललें होतें, आणि गज धरणारें पोर फेंकलें गेलें. पोर वांचलें. ज्या दुकानदारानें माळ विकली त्यानें "फक्त शोभेची आहे" एवढेंच उत्तर दिलें. म्हणून पहिली कसोटी ही, कीं माळेंत ५, १२ किंवा २४ व्होल्ट जातील असाच कंट्रोलर घ्यावा, त्याचा अडॅप्टर घरांत कोरडा ठेवावा, आणि घराच्या फळीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा-स्विच असावा. डिसेंबरांत आमच्याकडे पाऊस नसला तरी दंव असतें.

अलीकडच्या माळांत प्रत्येक दिव्याच्या पोटांत स्वतःची आय्.सी. असते. पंगतींत पत्रावळींचा गठ्ठा पुढें सरकवितात, प्रत्येकजण वरची एक काढून घेतो व बाकी शेजाऱ्याकडे देतो. अगदीं तसेंच पहिला दिवा आपल्या रंगाचा हुकूम काढून घेतो आणि उरलेला निरोप पुढें पाठवितो. एका दिव्यास ३० मायक्रोसेकंद पुरतात. सेकंदास ४० चित्रें हवीं असतील तर एका तारेवर सुमारें ८०० दिवे चालतात. घरच्या ओसरीस शंभर पुरे. आठशें दिव्यांची ताकद पाहून जो महागडी डबी घेतो, तो दोन माणसांच्या संसाराला यज्ञाची कढई आणतो.

खरी चूक होते ती विजेच्या हिशेबांत. ५ व्होल्टच्या माळेंतील एक दिवा पूर्ण पांढरा जळतांना ६० मिलिअँपिअरपर्यंत वीज घेतो. शंभर दिव्यांस ६ अँपिअर झाले. अडॅप्टर २ अँपिअरचा असेल तर कंट्रोलरला दोष देण्यांत अर्थ नाहीं. आणि ६ लागतात म्हणून नेमका ६ चा न घेतां ८ किंवा १० चा घ्यावा. लांब माळेंत शेवटचे दिवे तांबूस दिसूं लागले, तर वाटेंत व्होल्ट गळले असें समजावें. माळेस दोन्ही टोंकांनीं वीज द्यावी, किंवा १२ व्होल्टची माळ घ्यावी. तिला एखाद्या व्होल्टची तूट जाणवत नाहीं. पंगतींतला एक पाहुणा मध्येंच उठून गेला तर पुढच्यांना पत्रावळ मिळत नाहीं, तसा एक दिवा मेला कीं पुढची रांग थांबते. म्हणून निरोपाची दुहेरी तार असलेली माळ मिळाली तर चार पैसे अधिक द्यावे.

संगीताच्या तालावर दिवे नाचविण्याचा मोह तरुणांस फार. अमेरिकेंतील ओहायओ प्रांतीं मेसन गांवीं कार्सन विल्यम्स ह्या विद्युत्-अभियंत्यानें २००४ सालीं आपलें घर १६,००० दिव्यांनीं सजविलें व ८८ स्वतंत्र वाटांनीं तें गाण्यावर नाचविलें. शेजाऱ्यांस त्रास नको म्हणून गाणें लाउडस्पीकरवर न लावतां त्यानें लहानशा रेडिओ-लहरीवरून मोटारींतील लोकांस ऐकविलें. नभोवाणीच्या श्रोत्यांस हें विशेष आवडेल! परंतु गाड्यांची इतकी गर्दी लोटली कीं २००५ च्या डिसेंबरांत एका अपघातानंतर त्यानें तें प्रदर्शन बंद केलें.

आतां आमच्या गांवास लागू असा एक मुद्दा. तिरोड्याजवळचें औष्णिक वीजकेंद्र ६६० मेगावॉटच्या पांच संचांचें, म्हणजे ३,३०० मेगावॉटचें आहे. २०१२ ते २०१४ ह्या काळांत ते संच सुरू झाले. तरी वीज एवढ्या जवळ निपजते म्हणून गल्लींतला दिवा जात नाहीं असें नव्हे. वीज गेली व परत आली कीं बहुतेक आठ चालींच्या डब्या आपली चाल विसरतात व पहिल्या चालीपासून सुरू होतात. मग स्थिर दिवा ठेवून झोंपलेल्या घरावर मध्यरात्रीं लुकलुक सुरू होते. आजारी माणूस असलेल्या घरीं ती किती जाचते, तें मीं पाहिलें आहे. म्हणून दुकानांतच डबी लावून पाहावी, चाल निवडावी, प्लग काढून पुन्हां घालावा. चाल तीच राहिली तर डबीस स्मरण आहे. मोबाईलवरून चालणारी डबी असेल, तर तिजवर हातानें दाबण्याचें बटनहि आहे ना तेंहि तेव्हांच पाहावें. वायफाय नसलें कीं बटनावांचून ती मुकी होते.

आणि ज्यांस एवढा खटाटोप नको, त्यांनीं गोमंतकांत नाताळांत दारोदारीं टांगतात तसें कागदी नक्षत्र आणावें व आंत एक एल्.ई.डी. दिवा ठेवावा. त्याला कंट्रोलर लागत नाहीं.