हाडास निरोप कोण देतो?

मांस व रक्त सजीव, हाड मात्र घराच्या वाशाप्रमाणे जड, अशी समजूत सर्वत्र आढळते. परंतु मोडलेला वासा आपण होऊन सांधत नाही. मोडलेले हाड सांधते. त्यास ही आज्ञा कोण देतो, या शोधाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

१८८९ साली शिकागोचे शल्यवैद्य निकोलस सेन यांनी रोगाने पोखरलेल्या हाडांतील पोकळ्या, आम्लाने चुना काढून टाकलेल्या बैलाच्या हाडाने भरल्या. यातील मर्म कळावयास मात्र पाऊणशे वर्षे लोटली. १९६५ साली लॉस एंजेलिसच्या मार्शल युरिस्ट यांनी तसेच चुनारहित हाड प्राण्यांच्या स्नायूंत ठेवले, तो तेथे नवे हाड तयार झाले! जुन्या हाडात काही निरोप दडलेला असला पाहिजे, हे उघड झाले. १९७१ साली त्या निरोप्याचे 'अस्थिरूपकारक प्रथिन' असे नामकरण झाले व १९८८ साली त्याची जनुके हाती आली.

निरोप ऐकणारा कोण, याचे उत्तर मॉस्कोच्या फ्रीडेनस्टाइन यांच्या संशोधनाने दिले: अस्थिमज्जेतील मूलपेशी. बियाण्यांच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध अशा आमच्या जालन्यातील वाचकांस हे सहज पटेल. कणगीतला दाणा ओलीवाचून रुजत नाही. भेद इतकाच, की ज्वारीच्या दाण्यातून ज्वारीच उगवते. ही पेशी मात्र निरोपाप्रमाणे हाड, कूर्चा किंवा मेदही बनते.

या इतिहासात पुण्याचाही वाटा आहे. तेथील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणी व त्यांचे सहकारी यांनी, रक्तपेशींच्या वाढीसाठी पूर्वीच ज्ञात असलेले इंटरल्यूकिन-३ हे प्रथिन अभ्यासास घेतले. हाड झिजविणाऱ्या पेशींची उत्पत्ति ते रोखते, असे २००३ साली त्यांनी दाखविले; आणि मानवी मूलपेशींस ते हाड घडविण्याकडे वळविते, असे २०१२ साली. झीज थांबविणे व भर घालणे ही दोन्ही कामे एकाच निरोप्याने करावीत, हे विलक्षण होय.

तथापि हुरळून जाण्याचे कारण नाही. हे प्रयोग पेशींवर व उंदरांवर झालेले आहेत. शिवाय अस्थिरूपकारक प्रथिनास २००२ साली अमेरिकेत कमरेच्या मणक्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मान्यता मिळाली. पुढे ते मानेच्या मणक्यांतही वापरले जाऊ लागले, तेव्हा काही रुग्णांचा गळा सुजून श्वास कोंडला, आणि २००८ साली तेथील शासनास इशारा द्यावा लागला. निरोप खरा असून भागत नाही. तो योग्य स्थळी व योग्य मात्रेनेच पोहोचला पाहिजे. तुटलेले सांधू पाहणाऱ्या विद्येने हा संयम प्रथम शिकावा, हेच या इतिहासाचे सार होय.