बार्शी लाईट : मुरुडच्या माळावरची अरुंद रेल्वे

लातूर-बार्शी रस्त्यावरचे मुरुड 1911 मध्ये रेल्वेच्या नकाशावर आले. हे मुरुड लातूर तालुक्यातले. जंजिऱ्याशेजारच्या कोकणी मुरुडशी त्याचा संबंध नाही. त्या साली बार्शीकडून आलेली अडीच फुटी रेल्वे लातूरपर्यंत पोचली आणि पुढची नव्वदाहून अधिक वर्षे येथील माणसांची आणि धान्याची ये-जा तिच्यावर चालली. आता त्या रुळांवरून गाडी जात नाही. जुने भराव आणि दगडी मोऱ्या यांचेच काही अवशेष उरले आहेत.

मुरुडचा परिसर बालाघाटाच्या पठारावर, पर्जन्यछायेत आहे. वर काळी माती, खाली काळा कातळ. सुगी संपली की मैलोगणती उघडे रान दिसते, आणि चैत्र-वैशाखात वाळवंटाची आठवण व्हावी इतके ते कोरडे पडते. यंत्रयुगाच्या खुणा पाहायच्या तर या रेल्वेच्याच वाटेने जावे लागते.

मुंबईहून सोलापूरकडे निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1860 च्या सुमारास कुर्डुवाडीवरून गेली. तेथील स्टेशनाला नाव मिळाले ‘बार्शी रोड’, प्रत्यक्षात बार्शी मात्र सुमारे 35 किलोमीटर दूर राहिली. बार्शी ही कापूस आणि गळिताच्या धान्याची मोठी पेठ होती आणि तिचा माल बैलगाड्यांनीच कुर्डुवाडीला जाई. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरी केलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने हे अंतर छोट्या रेल्वेने जोडण्याची कल्पना मांडली आणि वर्षानुवर्षे तिचा पाठपुरावा केला. अखेर 1895 मध्ये लंडनला ‘बार्शी लाईट रेल्वे कंपनी’ स्थापन झाली आणि 1897 मध्ये कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू झाली. दुष्काळ आणि प्लेग यांनी मुंबई इलाखा त्रस्त असतानाचे हे साल होते.

कॅलथ्रॉपचे खरे कर्तृत्व रुळांच्या अरुंदपणात शोधू नये. अरुंद रेल्वे त्याआधीही होत्या, पण बहुतेक ठिकाणी त्या मोठ्या रेल्वेची लहान आणि दुबळी नक्कल असत. त्याने हिशेब उलट्या बाजूने मांडला. रुळांवर सर्वांत जास्त ताण कशाचा येतो? गाडीच्या एकूण वजनापेक्षा एकेका आसावरच्या भाराचा. म्हणून इंजिन असो, डबा असो की मालवाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, हा त्याने नियमच केला. इंजिनाचे वजन जास्त आसांवर वाटले गेले. लीड्सच्या किटसन कारखान्याने बांधलेल्या पहिल्या इंजिनांना आठ चालती चाके आणि मागे आणखी चार चाके होती. डब्यांचे सांगाडे दाबीव पोलादाचे, हलके आणि एकाच मापाचे म्हणजे 25 फूट लांबीचे होते. चार आसांची भरलेली वाघीण वीस टनांपर्यंत जाऊ शके, तरी खाली यार्डाला 30 पौंड वजनाचा बारीक रूळ पुरत असे. रूळ हलका म्हटल्यावर पूल, भराव आणि खडी यांचाही खर्च घटला. ही सामग्री भारतात धाडण्यापूर्वी लीड्सजवळच्या न्यूले येथे मुद्दाम मार्ग घालून जाणकारांना चालवून दाखवण्यात आली होती. एका आडबाजूच्या पेठेसाठी बांधलेली ही रेल्वे पुढे भारतातल्या अडीच फुटी रेल्वेंचा नमुना ठरली.

पश्चिमेकडे 1906 मध्ये ती पंढरपूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. सारा मार्ग सुमारे 325 किलोमीटरचा झाला. पूर्वेकडची वाट दोन राज्यांतून जात होती. बार्शी ब्रिटिश मुलखात होती, तर येडशी, ढोकी, मुरुड आणि लातूर ही गावे निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होती. हद्द ओलांडणाऱ्या मालावर निजामाची करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. तरीही लातूरच्या आडत बाजाराला या गाडीने मुंबईची वाट खुली करून दिली. डाळी, तेलबिया आणि कापूस यांची पेठ म्हणून लातूरचा जो लौकिक झाला, त्याचे बरेचसे श्रेय या बारक्या रुळांना द्यायला हवे. वाटेवरची गावेही तिच्यामुळे जगाच्या जवळ आली. कसबे तडवळे येथे 1941 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली, ते गाव याच मार्गावरचे.

गाडीचा वेग मात्र बेताचाच होता. रेंगाळत चाललेल्या कोणत्याही कामाला ‘बार्शी लाईट’ म्हणण्याची रीत त्यातूनच पडली. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या वारकऱ्यांना डबे अपुरे पडत. मग मालवाघिणी जोडल्या जात, काही जण टपावरही बसत. सरकारने 1954 मध्ये ही रेल्वे विकत घेऊन मध्य रेल्वेत सामील केली, तोवर ती लंडनच्या कंपनीच्याच मालकीची होती.

ज्या अरुंद रुळांमुळे ती स्वस्तात उभी राहिली, तेच तिच्या मुळावर आले. कुर्डुवाडीला रुळांची रुंदी बदले. लातूर-मुरुडचे प्रत्येक पोते तेथे हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून उतरे आणि दुसरीत चढे. मालाची नासधूस, खोळंबा आणि हमाली यांचा भुर्दंड व्यापाऱ्याला सोसावा लागे. डांबरी रस्ते झाले आणि दुकानाच्या दारातून उचललेला माल थेट मुंबईत उतरवणारा ट्रक आला, तेव्हा व्यापारी त्याच्याकडे वळला यात नवल नव्हते. रेल्वेपाशी उरले ते कमी भाड्याचे उतारू.

पुढे हे अरुंद रूळ काढून ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रूळ, घालण्याचे काम टप्प्याटप्प्याने झाले. कुर्डुवाडी-पंढरपूर 2002 मध्ये, लातूर-उस्मानाबाद 2007 मध्ये, उस्मानाबाद-कुर्डुवाडी 2008 मध्ये आणि शेवटी मिरजेकडचा भाग. जुन्या मार्गाने उस्मानाबाद हे जिल्ह्याचे ठिकाण बाजूला ठेवले होते. नव्याने वळसा घेऊन ते जोडले, त्यामुळे येडशीच्या आसपास जुनी वाट सुटली. लातूर शहरातले रूळही निघाले. तेथील पत्त्यांत ‘जुनी रेल्वे लाईन’ हे शब्द मात्र आजही लिहिले जातात.

या अवशेषांकडे कॅमेरा घेऊन जाणाऱ्याला भव्य असे काही सापडत नाही. पाच टनांच्या आसासाठी बांधलेली मोरी ती काय मोठी असणार! पण उन्हाळ्यात पिके नसतात, तेव्हा सपाट रानातून जाणारा भराव दुरूनही ओळखू येतो. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्याची सावली पडते आणि वळण स्पष्ट दिसते. दुपारच्या धुरकट उजेडात तोच भराव मातीत मिसळून जातो. पावसाळ्यात बाभळी आणि गवत त्याला झाकून टाकतात. वाफेच्या इंजिनांच्या शेवटच्या काळात परदेशी हौशी लोक येथे येऊन छायाचित्रे काढून गेले. त्यांचा रोख साहजिकच इंजिनांवर होता. स्टेशन, फलाट, गँगमनची चाळ आणि बाजाराचा दिवस यांचे चित्रण त्यामानाने थोडे झाले आणि इतिहासाच्या दृष्टीने तीच उणीव मोठी आहे. चालू रुळांवर किंवा रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय जाणे कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवावे.

कॅलथ्रॉपने इंग्लंडमध्येही अशीच एक रेल्वे बांधली होती. स्टॅफर्डशायरमधली लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे 1904 मध्ये सुरू झाली आणि 1934 मध्येच बंद पडली. तिच्या मार्गावर पायवाट तयार करण्यात आली आणि आज ती भटक्यांची आवडती वाट आहे. येडशीच्या सुटलेल्या वाटेचे असे काही करता येईल. शेजारी रामलिंग घाट अभयारण्य आहे, तेव्हा पाहुण्यांची वाण पडणार नाही.

जुन्या वाटेचे मोल 2016 च्या एप्रिलमध्ये अवचित कळले. लातूर तहानलेले असताना मिरजेहून पाण्याची पहिली गाडी निघाली आणि 12 एप्रिलला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर ही तिची वाट बार्शी लाईटच्याच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची होती. रूळ अडीच फुटांचेच राहिले असते तर ब्रॉडगेजच्या टाक्या थेट लातुरात उतरल्या नसत्या. अरुंद रूळ गेले, पण कुर्डुवाडीचा जुना नॅरोगेज कारखाना चालू राहिला आणि नेरळ-माथेरानच्या डब्यांची दुरुस्ती तेथे होत आली आहे.